जुनी ट्रॅप गन घेताय? या चुका टाळा

"सर, पेराझी घेऊ की बेरेटा?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. दोन्ही इटालियन कंपन्या, आणि प्रश्न असतो ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या, एकावर एक दोन नळ्या असलेल्या जुन्या बंदुकीचा. सोबत मोबाइलवर फोटो. फोटोत कोरीवकाम असतं, अक्रोडाच्या लाकडाच्या देखण्या रेषा असतात, खाली किंमत असते. पारखायची जागा मात्र एकाही फोटोत नसते. आता प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहितो.

पहिली चूक म्हणजे नावावरून भांडणं. वरच्या दर्जाच्या सगळ्याच स्पर्धेच्या गन लाखांनी काडतुसं पचवायला बनवलेल्या असतात. फरक असतो तो कुठली गन कुठे झिजते आणि झिजल्यावर कशी दुरुस्त होते, यात. पेराझी हा इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या बोत्तिचिनोचा कारखाना, १९५७ पासूनचा. त्यांची एमएक्स-८ ही १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी तयार झाली, नावातला ८ तिथलाच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा ट्रॅप विजेता एन्नियो मात्तारेल्ली याचा तिच्यात हात होता. तिचा ट्रिगर अख्खा खाली निघून येतो. आत पट्टीच्या स्प्रिंगा असतात. पट्टीची स्प्रिंग ट्रिगरला सुंदर हलकेपणा देते, पण कधीतरी तुटतेही. म्हणून तर ट्रिगर सुटा ठेवलाय: तुटला, काढा, दुसरा बसवा, पुढच्या बर्डला, म्हणजे उडत्या तबकडीला, उभे राहा. सुटी स्प्रिंग खिशात न ठेवता एमएक्स-८ वापरणारा माणूस मला स्टेपनीशिवाय घाट चढणाऱ्यासारखा वाटतो.

बेरेटाच्या ६८० मालिकेत बॉडी, म्हणजे नळ्या आणि लाकडी दस्ता यांना जोडणारा धातूचा भाग, उथळ आणि सडपातळ असते. ब्रीचच्या (नळ्यांची मागची टोकं जिथे टेकतात त्या भागाच्या) तोंडातून दोन निमुळते खुंट पुढे येतात आणि नळ्यांच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसतात. झीज झाली की मोठ्या मापाचे खुंट बसतात, बिजागरीच्या खुंट्याही बदलता येतात. ब्राउनिंग आणि जपानच्या मिरोकूचं घराणं वेगळं: आडवी, पूर्ण रुंदीची बिजागरीची पिन आणि खालून लागणारा बोल्ट. त्यामुळे बॉडी खोल आणि दिसायला जरा जाडजूड, पण राबायला बैल. जर्मनीतल्या उल्मच्या क्रिगहॉफ के-८० चं लॉक वरून सरकत येऊन ब्रीचवर टोपीसारखं बसतं. ही कल्पना जुन्या रेमिंग्टन ३२ वरून आलेली. चारही पद्धती चांगल्या आहेत. तुमच्या गन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला त्यातली कुठली जमते हे आधी विचारा, मग नाव ठरवा. आपल्याकडे सुटा भाग येईपर्यंत सीझन संपतो.

आता माझी लाडकी चूक. लोक गन हातात घेतात, उघडतात, बंद करतात, "खट्" असा भारदस्त आवाज आला की मान डोलवतात. फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, लावलेलाच असतो. अहो, फोर-एंड नळ्यांना मागे बॉडीवर दाबून धरतो. बिजागरी ढिली झाली असली तरी तो झाकून टाकतो. मीही हेच केलं होतं, म्हणून एवढ्या तिडकीने सांगतोय.

तीन वर्षं पैसे साठवून मी माझी पहिली इटालियन गन घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, दोष तिचा नव्हताच. डीलरच्या दुकानात ती तिजोरीसारखी बंद व्हायची. बिजागरीत पिवळं ग्रीस भरपूर होतं. मला वाटलं, वा, काय निगा राखलीय! पहिले दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या आठवड्यात गन खांद्याला लावताना गालाखाली बारीक "टक्" जाणवायला लागलं. मी ते कानाआड केलं. मग एका स्पर्धेत, तिसऱ्या राउंडला, "पुल" म्हटलं, बर्ड उडाला, ट्रिगर ओढला आणि नुसतं "टिक". काडतूस काढून पाहिलं तर त्याच्या बुडातल्या टोपीवर फायरिंग पिनचा जेमतेम पुसट ठसा. पुढच्या राउंडला पुन्हा तेच, त्याच खालच्या नळीत. मी काडतुसांना शिव्या घातल्या, खोकी बदलली, एका मित्राची आणलेली महागडी काडतुसं वाया घालवली.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी काही न बोलता फोर-एंड काढला, चिंधीने ग्रीस पुसलं, गन बंद केली आणि ग्रिपला धरून आडवी हलवली. खट खट खट. लग्नातल्या भाड्याच्या खुर्चीसारखी. मग त्यांनी भिंग दिलं आणि बिजागरीची कड दाखवली: पंचचे तीन ठोके, एका ओळीत. कुणीतरी धातू ठोकून फुगवला होता, म्हणजे काही दिवस घट्ट वाटावं. वरून ग्रीस, म्हणजे आवाज येऊ नये. नळ्या ब्रीचपासून केसभर सुटल्या होत्या, त्यामुळे पिन टोपीपर्यंत नीट पोचतच नव्हती. सव्वा महिना गन त्यांच्याकडे राहिली. मोठ्या मापाच्या खुंट्या आल्या, मग दिव्याची काजळी धरायची, बंद करायची, कुठे डाग उठतो ते पाहायचं, कानशीचा एकच हात, पुन्हा काजळी. मी एक दुपार शेजारी बसून पाहिलं. त्या दुपारी त्यांनी धातू काढला असेल तो चिमूटभरही नव्हता.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. दोन्ही चेंबर (काडतूस बसायच्या जागा) रिकामे आहेत हे मी स्वतः पाहतो, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. फोर-एंड काढतो. बिजागरी आणि लॉकवरचं ग्रीस माझ्याच फडक्याने पुसतो. इथे विकणाऱ्याचा चेहरा पडला तर पुढचं बघायची गरज नसते. मग गन बंद ठेवून ग्रिपपाशी धरून हलवतो, दुसरा हात नळ्यांखाली, कारण फोर-एंड नसताना चुकून उघडली तर नळ्या पायावर. नंतर उजेडासमोर धरून ब्रीच आणि नळ्यांमध्ये फट दिसते का ते बघतो. शेवटी गन उघडायचा वरचा लिव्हर. मागून पाहिलं तर नव्या गनचा लिव्हर बहुधा मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो. झीज होत जाते तसा तो मध्यावर येतो, मग डावीकडे जातो. डावीकडे गेलेला लिव्हर म्हणजे दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

"फक्त पाच हजार काडतुसं झालीत हो" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ट्रॅपमध्ये २५ बर्डचा एक राउंड, प्रत्येक बर्डला दोन गोळ्यांची मुभा. सरावाला चार राउंड म्हणजे १०० बर्ड, साधारण १२० काडतुसं. आठवड्यात चार दिवस आणि वर्षात ४० आठवडे धरले तर १९,२०० होतात. नॅशनल खेळलेल्या माणसाची गन पाच हजारांवर थांबली असेल तर त्याने ती कपाटात ठेवून खेळ सोडला असेल. ब्रीचच्या तोंडावर पिनच्या भोकाभोवती खड्डे बघा, लाकडावरचं पकडीसाठी कोरलेलं चेकरिंग किती गुळगुळीत झालंय बघा. इटालियन गनवर प्रूफच्या, म्हणजे नळी चाचणीत पास झाल्याच्या, शिक्क्यांजवळ वर्षाचा सांकेतिक शिक्काही असतो, तो वाचून घ्या. मी वर सांगितलेल्या गनचा शिक्का डीलरने सांगितलेल्या वयापेक्षा बराच जुना निघाला. तेव्हा तो बघायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

जड गन म्हणजे मजबूत गन, हा गैरसमज सोडा. आतून आरशासारखी चमकणारी नळी म्हणजे चांगली नळी, हाही. उजेडाकडे धरून आत गोल सावलीचं कडं दिसलं तर तिथे फुगवटा आहे, चमक कितीही असो. नळ्या हुकाला टांगून नखाने टिचकी मारा: घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर नळ्यांना जोडलेल्या पट्टीचं झाळण कुठेतरी सुटलंय. नळी कापून लहान केलेली गन तर हातातही धरू नका. परवान्याशिवाय नळी कापणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. सुटे चोक, म्हणजे नळीच्या तोंडात बसवायची नळकांडी, असतील तर प्रत्येक चोक हाताने फिरतो का पाहा.

दुसरी माझी डोकेदुखी: तेल. नवा माणूस गन घेतो आणि तिला तेलाने अभ्यंगस्नान घालतो. त्यातून पावसाळा आला की आणखी. मग गन कपाटात बटावर, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावर, उभी. सगळं तेल ओघळत बॉडीतून स्टॉकच्या (लाकडी दस्त्याच्या) तोंडाशी जातं, लाकूड काळं पडतं, मऊ होतं. प्रत्येक गोळीला बॉडी त्या मऊ लाकडात मागे रुतते आणि एके दिवशी स्टॉक उभा चिरतो. मग लोक म्हणतात, या कंपनीचं लाकूड वाईट. मी बिजागरीला आणि लॉकला ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावतो, नळीवर तेलाचं फडकं फिरवतो, बास. गन नळीचं तोंड खाली करून, जाड फडक्यावर ठेवतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर फोमच्या पेटीत गन कायमची ठेवू नका, फोम ओल धरून बसतो. आणि रेंजवरची धूळ बसलेल्या जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापणं म्हणजे बिजागरीला पॉलिश पेपर लावणं. आधी पुसा. यूट्यूबवर सिनेमातल्यासारखी एका हाताने झटका देऊन गन बंद करणारे पाहून तसं करणाऱ्यांना मी माझी गन देत नाही.

आणि एक. स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून ट्रिगर ओढला, पहिली नळी "टक्", दुसरी गप्प. लगेच निष्कर्ष: ट्रिगर खराब. अरे, बऱ्याच गनचा ट्रिगर इनर्शियाचा असतो. पहिल्या गोळीच्या धक्क्यानेच तो दुसऱ्या नळीवर जातो. स्नॅप कॅपला धक्का कुठून येणार? पहिल्यांदा ओढल्यावर ट्रिगर सोडा, बटाच्या रबरावर तळहाताची सणसणीत थाप मारा, मग पुन्हा ओढा. मागच्या वर्षी एका पोराने एवढ्याच कारणावरून उत्तम गन परत केली. मला फोन केला तो परत केल्यावर. ती गन त्याच संध्याकाळी दुसऱ्याने नेली, आता दोघे एकाच स्क्वाडमध्ये उभे राहतात.