बी.लिब.चा अर्ज भरायचाय? आधी मायग्रेशन मागवा

राहायला ठाण्यात, पदवी कोल्हापूरची आणि आता मुंबई विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र करायचंय, तर गाडी अडते ती मायग्रेशन सर्टिफिकेटपाशी, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी जुनं विद्यापीठ देतं त्या दाखल्यापाशी. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यापुढच्या एम.लिब.ला मात्र सहसा आधी बी.लिब. लागतं.

१. प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न पाहता जुन्या विद्यापीठाकडे मायग्रेशनसाठी अर्ज करा. कॉलेजकडून टीसीही तेव्हाच घ्या.
२. गुणपत्रिका आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या वहिनीच्या गुणपत्रिकेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला शोधण्यात कळव्याहून दोन खेपा झाल्या.

मायग्रेशनची मूळ प्रत नव्या कॉलेजात जमा होते. देण्यापूर्वी रंगीत स्कॅन जरूर काढून ठेवा.