‘होकार बहुमतात’ पटलं नाही? लगेच ‘डिव्हिजन’ म्हणा

आवाजी मतदानात चार मोठे गळे चाळीस गप्प माणसांना भारी पडतात. परदेशातल्या तुमच्या मंडळाच्या घटनेत ‘रॉबर्ट्स रूल्स’ (सभा चालवण्याचे अमेरिकेतले प्रचलित नियम) लागू असतील, तर अध्यक्षांनी सांगितलेला निकाल एकटा सभासदही पडताळून घेऊ शकतो.

१. विरोधी आवाज घेऊन झाले की, किंवा निकाल जाहीर होताच, जागेवरूनच मोठ्याने म्हणा : ‘डिव्हिजन!’ हात वर करून परवानगीची वाट पाहू नका. अनुमोदक लागत नाही आणि त्यावर चर्चा किंवा मतदानही होत नाही.

२. आता अध्यक्षांना सभासदांना उभं करून पुन्हा मतदान घ्यावंच लागतं : आधी ठरावाच्या बाजूचे उभे राहतात, मग विरुद्ध. मघाशी गप्प बसलेले आता मत देऊ शकतात आणि दिलेलं मत बदलताही येतं. खरा फरक पडतो तो इथे.

३. डिव्हिजन म्हणजे मोजणी नव्हे, इथे बरेच जण फसतात. आकडा हवा असेल तर ‘मतं मोजून घ्यावीत’ असा वेगळा प्रस्ताव मांडा. त्याला अनुमोदक आणि बहुमत दोन्ही लागतं. चुरस दिसली तर अध्यक्ष स्वतःहूनही मोजणी करतात.

पुढचा विषय सुरू झाला की ही संधी गेली. निकाल उघडउघड स्पष्ट असताना निव्वळ वेळ काढायला डिव्हिजन मागितलं, तर अध्यक्ष ते फेटाळू शकतात.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत मात्र हे चालवू नका. तिथे आधी उपविधी उघडा.