बुजरा घोडा शांत करताना या चुका टाळा

घोडा बुजला की मालकाचा निकाल तयार असतो: खोडकर आहे, हट्टी आहे, नाहीतर कपाळावरचा भोवरा वाईट आहे. मग चाबूक हातात येतो. बुजणं म्हणजे भीती, दुसरं काही नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे जवळपास ३५० अंशांचा परिसर त्याला दिसतो. कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. उन्हातून अंधारात शिरताना त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. काळोख्या दारापाशी तो थबकतो तो म्हणूनच. तिथे टाच मारू नका, दोन मिनिटं उभं राहू द्या.

शिकवायला घेण्याआधी दुखणं तपासा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. अशा तोंडात लगाम चढवला की डोकं झटकणारच. पशुवैद्याकडून वर्षातून एकदा दाढा घासून घ्या. खोगीर चढवून, स्वार बसल्यावरही, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी दोन बोटं सहज मावली पाहिजेत. पाठीवरून हात दाबत न्या. एखाद्या जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली, तर खोगीर ठेवून द्या. घोडा नेहमी एकाच बाजूच्या वस्तूंना बुजत असेल, तर त्या बाजूचा डोळा दाखवून घ्या.

चंदीकडे, म्हणजे खुराकाकडेही पाहा. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो सुका चारा लागतो. दिवसातले बावीस तास आगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) बांधून ठेवायचं, हरभरा आणि जव भरपूर घालायचे, चारा मात्र मोजकाच द्यायचा, आणि संध्याकाळी स्वारीला काढल्यावर तो उड्या का मारतो असं विचारायचं, हे कुठेतरी थांबायला हवं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, म्हणून रिकाम्या पोटी काम देऊ नका. स्वारीआधी अर्धा तास लसूणघासाच्या दोन मुठी द्या. धान्य एका वेळी दोन किलोंच्या वर कधीच नको. रोज काही तास मोकळं सोडल्याने निम्मे घोडे आपोआप निवळतात, असं आमचं ठाम मत आहे.

बांधून सवय लावणं

सगळ्यात जास्त घोडे या एका चुकीने बिघडतात. प्रकार साधारण असा घडतो. डिसेंबरात, दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजारातून तीन-चार वर्षांचं शिंगरू घरी येतं. शेतावर प्लास्टिकच्या गोणीला बुजतं. कोणीतरी सांगतं, गोणी खोगिराला बांध आणि दे सोडून, दमला की गप्प होईल. गोणी बांधली जाते. घोडा उडी मारतो, गोणी फडफडते, तो पळतो, आणि जितका जोरात पळतो तितकी ती जास्त वाजते. कुंपण तुटतं, पुढच्या पायाला तार कापते. कधी दोर धरणाऱ्याचाच हात सोलून निघतो. पुढे जखम भरते, पण आता तो गोणीबरोबर खोगिरालाही बुजतो. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळायला घेतला की श्वास रोखून लाकडासारखा ताठ उभा राहतो. कधी कधी तो खरंच गप्प झालेला दिसतो आणि लोकांना उपाय लागू पडला असं वाटतं. सुटका नाही हे कळून तो गोठलेला असतो. असा घोडा आठ दिवसांनी, काहीच कारण दिसत नसताना, चौखूर उधळतो.

यावरचा उपाय संथ आहे. दोन मीटरच्या बांबूच्या टोकाला गोणी बांधा आणि ती दुसऱ्याच्या हातात द्या. त्याने घोड्यापासून वीस मीटरवर राहून घोड्याकडे पाठ करून चालायचं. तुम्ही म्होरकीचा (तोंडात लोखंड नसलेल्या, डोक्यावरच्या पट्ट्याचा) दोर हातात धरून घोड्याला गोणीच्या मागे चालवायचं. दोर मनगटाला कधीही गुंडाळू नका. पळून जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती कमी आणि उत्सुकता जास्त वाटते. कान पुढे झाले, मान खाली आली, तो ओठ चाटू लागला, की अंतर एक-दोन मीटरनी कमी करा. डोळ्याचा पांढरा दिसला, नाकपुड्या फुगल्या, शेपूट आवळली, तर अंतर वाढवा. दहा-बारा मिनिटांत थांबा, बाकीचं उद्या.

गोणी जवळ आली की घडी करून खांद्यावर तीनदा फिरवा आणि तो उभा असताना काढून घ्या. नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. घोडा सरकला की घाबरून हात मागे घेतला जातो, आणि सरकल्याने गोणी जाते हे तो शिकतो. सरकलाच तर हात तसाच ठेवा आणि त्याच्याबरोबर चाला. पाय थांबले की त्याच क्षणी गोणी दूर करा. एक सेकंद उशीर झाला तरी त्याला कशाबद्दल सुटका मिळाली ते कळत नाही. मग हेच सगळं दुसऱ्या बाजूने, पहिल्यापासून. डाव्या डोळ्याने पाहिलेली गोणी उजव्या डोळ्याला नवीच वाटू शकते.

दमवून शांत करणं

लांब दोरावर गोल-गोल पळवून ‘वाफ काढणं’ हा नवशिक्यांचा आवडता मार्ग आहे. दमलेला घोडा त्या दिवशी गप्प राहतो, पण त्या पळण्याने त्याची ताकद वाढते. आज वीस मिनिटांत दमणारा घोडा महिन्याभराने चाळीस मिनिटांनीही ताजा असतो. शिवाय डोकं वर करून, पाठ ताठ करून पळण्याचा सराव त्याला तुम्हीच देत असता. लहान वर्तुळात सांधे आणि पायांच्या शिराही दुखावतात. वर्तुळ पंधरा मीटरपेक्षा लहान नको आणि एकूण वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यात सतत बदल हवेत: चाल, थांबा, दुडकी (चालीपेक्षा वेगाची हलकी धाव), पुन्हा चाल, दिशा बदल. मोजायचं असेल तर तुमच्या शब्दावर तो किती वेळा थांबला ते मोजा.

लगाम

घोडा घाबरला की दोन्ही लगाम खेचून धरले जातात. त्याने तो आणखी घाबरतो, डोकं वर फेकतो, आणि पुढे जायला वाट नसेल तर मागच्या दोन पायांवर उभा राहतो. त्याऐवजी एका लगामाने थांबणं शिकवा. आधी जमिनीवर, खांद्यापाशी उभं राहून: एक लगाम हळू घ्या, नाक तंगाच्या दिशेने वळू द्या, पाय थांबून लगाम सैल झाला की लगेच सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा. मग पाठीवर बसून उभ्याने, मग चालीत, मग संथ दुडकीत. घोडा भरधाव सुटलेला असताना मात्र एक लगाम झटकन ओढू नका, तो कोसळेल. तेव्हा मोठं वर्तुळ घ्या आणि ते हळूहळू लहान करा.

काटेरी लगाम लावून काबूत आणण्याचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. ओझी वाहणाऱ्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामावर बंदी आहे, आणि जखमी तोंडाचा घोडा कधीच शांत होत नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडला बुजरा ठरवण्याची घाई नको. लगाम आखडून पुढे झुकलात की त्याच्या लेखी तो पळायचा इशारा असतो. त्याच्या पाठीवर बहुधा चालता-चालताच स्वार चढवलेला असतो, म्हणून चढताना उभं राहणं त्याला नव्याने शिकवावं लागतं.

माथेरानचा घोडा शांत असतो तो माथेरानच्या वाटेवर. तिथे मोटारींना बंदी आहे. तोच घोडा महामार्गाकडेला ट्रकला बुजला तर नवल नाही. प्रत्येक नवी जागा पुन्हा शिकवावी लागते.

मानेवर थोपटण्यापेक्षा खांद्यावरच्या उंचवट्यापाशी खाजवा. त्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

तुमची भीती त्याच्यापर्यंत पोहोचते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात, पुढच्या फेरीला छत्री उघडणार असं माणसांना सांगितलं होतं. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांचे आणि घोड्यांचेही ठोके वाढले. श्वास सोडा, टाचा खाली, नजर त्या वस्तूवर नाही तर तिच्यापलीकडे.

गुंगीचं औषध देऊन स्वारी करणं सरळ धोक्याचं आहे. पाय अडखळतात आणि दचकणं मात्र थांबत नाही. बाजारात खालचा ओठ लोंबलेला, मान टाकलेला घोडा ‘अगदी गरीब’ म्हणून दाखवला, तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन पाहा.

बांधताना लगामाने बांधू नका. म्होरकीचा दोर उंचवट्याच्या उंचीवर, हातभर लांब, एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा हवा. तोही खांबाला थेट न बांधता सुतळीच्या फासाला, म्हणजे घोडा बिथरला तर मानेऐवजी सुतळी तुटेल.

चप्पल घालून रिकिबीत पाय नको. टाचेचे बूट आणि हेल्मेट, अगदी अंगणातल्या अंगणातही.

बाहेरची पहिली स्वारी अनुभवी घोड्याच्या मागे करा. दोन घोड्यांत एका घोड्याएवढं, म्हणजे अडीच मीटर, अंतर ठेवा. वीस मिनिटं पुरेत, आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा दिवस टाळा. घराकडे तोंड झालं की घोडा घाई करतो. पागेच्या दोनशे मीटर अलीकडे उतरा, तंग एक छिद्र सैल करा, आणि त्याला चालवत आणा.