किडनीचा पेशंट, आयसीयू आणि सहा रकाने

जीएनएमचा नर्सिंग कोर्स करून आयसीयूला लागले तेव्हा मला धास्ती व्हेंटिलेटरची होती. घाम फोडला तो मात्र किडनीच्या पेशंटांनी. आता नवीन मुलं ड्युटीला आली की त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंट ताब्यात घेताना फाइल उघडायच्या आधी पेशंटचा हात बघा. डायलिसिसवाल्यांच्या हाताला बहुतेकदा फिस्टुला असतो, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली वाट. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. दर शिफ्टला ती तपासायची. लागली नाही तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्या हाताला बीपीचा कफ नाही, सुई नाही, रक्त काढणं नाही. धावपळीत दुसरीकडे शीर सापडत नसते आणि ही मेली दोरखंडासारखी समोर फुगलेली दिसते! मी बेडच्या डोक्याशी चिकटपट्टीवर 'डावा हात नको' असं लिहूनच ठेवते. मानेतल्या डायलिसिस कॅथेटरलाही परस्पर सलाईन जोडू नका. त्यात हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवलेलं असतं, ते सगळं अंगात जाईल.

आता रक्तातलं पोटॅशियम. साधारण 3.5 ते 5 ठीक. जास्त आलं तर सॅम्पल हिमोलाइज झालेलं, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या नाहीत ना, हे बघायचं. पण मॉनिटरवर ईसीजीतल्या टी वेव्ह (प्रत्येक ठोक्यातली शेवटची लाट) तंबूसारख्या टोकदार झाल्या असतील तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

माझ्या तिसऱ्या महिन्यातली नाईट. गावच्या लग्नापायी दोन डायलिसिस चुकवून आलेले आजोबा, पोटॅशियम 7.2. ऑर्डरप्रमाणे कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदय सांभाळलं जातं. मग 10 युनिट इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन. त्यानेही पोटॅशियम काही तास पेशींत ढकललं जातं एवढंच. बाहेर काढणार डायलिसिस, आणि टेक्निशियन पहाटे पोचणार होता. तासाभराने एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखर तपासली, 138. मी निवांत झाले.

चारच्या सुमाराला आजोबा अगदी शांत. वाटलं, लागला एकदाचा डोळा. चादर सारखी करायला गेले तर गाऊन ओलाचिंब, कपाळ गार. एचजीटी 41. इन्शुलिनचा निचरा करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. ती बंद पडली की इन्शुलिन रेंगाळतं आणि डेक्स्ट्रोज आधीच संपून जातं. डॉक्टरांना हाक मारली, 25% डेक्स्ट्रोजची 100 मिलीची बाटली गेली, आणि आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "बाई, चहा आला का?"

सीनियर सिस्टर रागावल्या नाहीत. चार्टवर पट्टीने सहा रकाने आखून दिले आणि म्हणाल्या, "सहा तास, दर तासाला." अजूनही मी तसेच आखते.

इनटेक-आउटपुटमध्ये, म्हणजे अंगात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याच्या हिशोबात, इंजेक्शनचं पाणी आणि नळी धुवायचा फ्लशसुद्धा धरा, दिवसाअखेर तेच बरंच भरतं.

आणि भेटीच्या वेळी नातेवाइकांच्या पिशवीवर लक्ष ठेवा. अशक्तपणा आलाय म्हणून हमखास शहाळं आणतात, आणि त्यात पोटॅशियम भरपूर. ओरडू नका, मायेने आणलेलं असतं. तहान लागलीच तर चूळ भरायला द्या म्हणावं, ओठांना ओला कापूस लावा. शहाळं मात्र, मी सांगते, आणणाऱ्यालाच प्यायला लावायचं.