धरणात मासे किती? मोजताना या चुका टाळा

बारवी असो की भातसा, मे महिन्यात पाणी खाली गेलं की जाळी भरून येतात आणि लगेच कोणीतरी म्हणतं, यंदा मासे वाढले बरं का. वाढले कुठले, कमी पाण्यात दाटीवाटीने राहतायत म्हणून लागतायत. एका जाळ्याला एका रात्रीत किती मिळाले हा आकडा चांगला आहे, पण जाळं तेच, जागा तीच आणि महिनाही तोच असेल तरच, मेचा आकडा गणपतीनंतरच्या शेजारी ठेवून काही कळत नाही.

पुढची चूक आम्ही स्वतः केलीय, एमएस्सीच्या प्रोजेक्टला, बदलापूरजवळच्या एका तलावात. एकाच आसाचं, म्हणजे एकाच मापाच्या छिद्रांचं, गिलनेट (मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो ते जाळं) लावलं आणि रिपोर्टमध्ये लिहून मोकळे, की लहान मासे नाहीत! अहो, ते आसातून आरपार गेले होते, आणि मोठ्या कटल्याचं डोकंच आत शिरत नाही म्हणून तोही सुटतो. लहानमोठ्या आसांचे तुकडे जोडलेलं जाळं लावा, तरी मरळसारखा झाडोऱ्यात दबा धरून बसणारा मासा कमीच लागणार.

इको साउंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे दाखवणारं यंत्र, लावला म्हणजे काम झालं असंही नाही, तळाला चिकटलेला मासा त्यात दिसत नाही आणि रोहू की मृगळ ते कळत नाही, त्यासाठी जाळं टाकावंच लागतं.

सगळ्यात जास्त घोळ टॅगिंगमध्ये, म्हणजे माशांना खुणेची पट्टी लावून सोडायचं आणि पुन्हा पकडलेल्यांत पट्टीवाले किती यावरून एकूण मासे काढायचे. समजा २०० मासे टॅग करून सोडले, नंतर १५० पकडले, त्यात टॅगवाले ६. तर २०० गुणिले १५० भागिले ६, म्हणजे एकूण मासे ५०००. पण ६ च्या जागी ३ च सापडले तर थेट १०,०००, म्हणजे ३ माशांवर सगळा हिशोब! म्हणून चॅपमनची पद्धत वापरा, तिन्ही आकड्यांत १ मिळवायचा, शेवटी १ वजा करायचा, ६ सापडले तर उत्तर साधारण ४३३५ येतं. आणि सोडलेल्यातले ४० हाताळताना दुखावून मेले असतील तर पाण्यात टॅगवाले उरले १६०, मग ५००० चे खरे ४०००. सोडलेल्या जागीच दुसऱ्या दिवशी जाळं टाकलंत तर उलटं होतं, टॅगवाले अजून पांगलेलेच नसतात, ते भराभर लागतात आणि आकडा कमी येतो.

मच्छीमारांनाही आधी सांगून ठेवा. आमचा एक टॅगवाला रोहू बाजारात दिसला, मावशीने टॅग ओढून फेकलेला, वर आम्हालाच विचारते, ह्याला लेबल कशाला लावलं होतं रे?