लगीनसराईत वाजवणाऱ्या तरुण वादकांनो, मानधन ठरवताना या चुका टाळा

गुढीपाडव्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतात, पाठोपाठ लगीनसराई भरात येते आणि परीक्षा आटोपून घरी आलेला सनई, संबळ किंवा हलगी वाजवणारा मुलगा स्वतःच्या कमाईसाठी पहिल्यांदाच एखाद्या ताफ्याबरोबर बाहेर पडतो. पुढचे सहा-आठ आठवडे त्याला उसंत नसते. मृगाच्या सुमारास हिशेब करायला बसल्यावर मात्र हातात उरलेली रक्कम पाहून तो चक्रावतो, कारण प्रत्येक सुपारीची, म्हणजे ठरलेल्या कामाची, बोली तर बरी झाली होती. माझ्या पाहण्यात हे नुकसान घासाघिशीत फारसे होत नाही. किती तास वाजवायचे, गाडीभाडे कोणी भरायचे, ओवाळणीचे पैसे कोणाचे आणि ताफ्यातल्या सर्वांत लहान वादकाचा वाटा किती, हे आधी कोणीच बोलत नाही आणि तिथेच पैसे गळतात.

‘खुशीने काय द्यायचे ते द्या’

यजमानाने दर विचारल्यावर पुष्कळ वादकांच्या तोंडी हेच वाक्य येते आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. जुन्या गावगाड्यात देवळात, लग्नात आणि मिरवणुकीत वाजवणाऱ्या गुरव, मांग, होलार, घडशी अशा समाजांतील वाजंत्र्यांना वाजवण्याचे रोख मोल क्वचितच मिळे. सुगीला धान्य, प्रसंगी शिधा, नारळ, धडुते, कुठे थोडी वतनी जमीन असा मोबदला असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि बलुत्याचे धान्यही हळूहळू बंद झाले, पण वाजंत्र्याचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असतो ही समजूत मात्र शिल्लक राहिली. म्हणूनच मांडववाल्याचे आणि आचाऱ्याचे बिल मुकाट चुकते करणारा यजमान वाजंत्र्याच्या हाती टॉवेल-टोपी देऊन ठरलेल्या रकमेतले पाचशे रुपये सहज कापून घेतो. टॉवेल-टोपी आणि नारळ हा मान आहे, तो आनंदाने घ्यावा, परंतु तो रकमेत धरला जाणार नाही हे बोली करतानाच सांगावे. दर विचारला गेला की आकडा सांगावा, आणि तो आकडा पहिल्यांदा आपल्याच तोंडून यावा.

यात्रेच्या कामात याच चुकीला ‘देवाचे काम आहे, जास्त ताणू नका’ असे रूप येते. सेवा म्हणून वाजवायचे असेल तर ते आपल्या इच्छेने, आपल्या गावच्या देवळात वाजवावे. ज्या यात्रेसाठी पाळणेवाल्यापासून विजेच्या रोषणाईवाल्यापर्यंत सगळ्यांना वर्गणीतून पैसे दिले जातात, तिथे सेवेचा भार एकट्या हलगीवाल्याने उचलावा असे कोणत्याही देवाचे म्हणणे नसावे.

एका लग्नाचा दर सांगणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ‘एका लग्नाचे इतके’ असे ठरले की लग्न लांबेल तितके वादकाचे मोल घटत जाते. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी देवक, वऱ्हाडाचे स्वागत, परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, अक्षता, पंगती आणि रात्रीची वरात असे सगळे त्या एका शब्दात बसते. साडेबाराचा मुहूर्त पाहुण्यांसाठी दोनवर गेला, तरी वाजवणाऱ्यांना जागचे हलता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात परण्यापुढे तासभर वाजवणाऱ्याला सावलीत बसण्याचा आणि पाणी पिण्याचा अवधी लागतो आणि तो अवधीही कामाच्या वेळेतच मोजला पाहिजे.

बोली अशी करावी: सकाळी ९ ते दुपारी २ एवढ्या वेळेची रक्कम अमुक, त्यापुढे प्रत्येक तासाला तमुक, वरातीचे पैसे वेगळे आणि गाडीभाडे यजमानाकडे. वरातीच्या बाबतीत आणखी एक अट आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, सरकारने खास सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्य वाजवता येत नाही. ‘अजून एक गाणे होऊ द्या’ असा आग्रह नाचणारे करतात, पण पोलीस आल्यावर अडकून पडते ते वादकाचे वाद्य. त्यामुळे वादन दहाला थांबेल आणि वरात उशिरा निघाली म्हणून रक्कम कमी होणार नाही, ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगावीत.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. चार जणांच्या सनई-चौघडा ताफ्याची बोली १२,००० रुपयांना झाली आणि गाडीला २,४०० रुपये गेले. उरलेल्या ९,६०० रुपयांचे सहा वाटे केले: प्रमुख सनईवाल्याचे दोन, चौघडेवाल्याचा दीड, दुसऱ्या सनईचा एक, सूर धरणाऱ्या मुलाचा एक आणि वाद्यांच्या देखभालीचा अर्धा. मुलाला १,६०० रुपये मिळाले. तो पहाटे पाचला घरातून निघाला आणि रात्री अकराला परतला, म्हणजे अठरा तास मोडले. तासाला नव्वद रुपयेसुद्धा पडले नाहीत. गाडीभाडे यजमानाने भरले असते तर त्याच मुलाचा वाटा २,००० रुपये झाला असता. हंगामात अशी पंचवीस कामे धरली, तर केवळ गाडीभाड्याचे वाक्य न उच्चारल्यामुळे त्याचे १०,००० रुपये बुडाले.

‘अजून शिकतोय’ म्हणून वाटा न ठरवणे

यजमान आणि ताफा यांच्यातली बोली चोख झाली, तरी ताफ्याच्या आत काही ठरलेले नसते. ताफाप्रमुख बहुधा काका, मामा किंवा गुरू असतो आणि त्याला पैशांविषयी विचारणे मुलाला उद्धटपणाचे वाटते. हा संकोच मला समजतो, पण त्याचे समर्थन करता येत नाही. सनईच्या ताफ्यात सूर धरण्याचे काम सर्वांत लहानाकडे येते आणि त्याला ‘नुसता सूर तर धरतो’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मुख्य वादक मधूनमधून थांबून दम घेऊ शकतो, तर सूर धरणाऱ्याला गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, एकच स्वर न तुटू देता चालवावा लागतो.

शिकाऊ वादकाला पहिल्या काही कामांत अर्धा वाटा देणे गैर नाही. मात्र तो किती कामांपर्यंत अर्धा राहील, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे, नाहीतर तीन हंगाम उलटले तरी मुलगा शिकाऊच राहतो. विचारताना ‘काका, यंदा माझा वाटा कसा धरायचा, म्हणजे शिक्षणाच्या फीचा अंदाज बांधता येईल,’ एवढे म्हटले तरी पुरते. ओवाळून टाकलेल्या नोटांचाही नियम तेव्हाच करावा. या नोटा ज्याच्या हाती लागल्या त्याच्या, अशी रीत असेल तर दोन्ही हात वाद्यात गुंतलेल्याला काहीच मिळत नाही. सगळे पैसे एका पिशवीत गोळा करून त्याच रात्री वाटून घ्यावेत.

ताफाप्रमुखांसाठी एक सूचना आहे. प्रत्येक कामानंतर बोली, खर्च आणि वाटे यांचा छोटा हिशेब ताफ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावा. संशय वाढू न देण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

इसार न घेता तारीख धरणे

दाट तिथीला एका तारखेसाठी तीन यजमान विचारतात. पहिल्याला शब्द दिला म्हणून बाकीचे दोन परत पाठवावेत आणि आठवड्यावर लग्न आले असता पहिल्याने ‘आम्ही डीजे सांगितला’ असे कळवावे, हा प्रकार नेहमीचा आहे. बोलीच्या निदान चौथ्या हिश्शाइतका इसार आल्याखेरीज तारीख पक्की समजू नये आणि यजमानाने काम रद्द केल्यास इसार परत मिळणार नाही, हे त्याच वेळी लिहून पाठवावे. अधिक मास येतो त्या वर्षी तर हे विशेष जपावे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन हंगामातला महिना मुहूर्तांविना जातो आणि सगळी कामे त्याआधीच्या तिथींवर एकवटतात. अशा वर्षी बुडालेली एक तारीख पुन्हा भरून निघत नाही.

उरलेली रक्कम अक्षता पडण्यापूर्वी किंवा वरात निघण्यापूर्वी घ्यावी, कारण पाठवणी झाल्यावर घरचा कर्ता माणूस सापडणे कठीण असते. काम मंगल कार्यालयाच्या किंवा सोहळ्याचे व्यवस्थापन करणाऱ्या माणसाच्या मार्फत आले असेल, तर पैसे देणे नेमके कोणाकडे लागते ते नावानिशी विचारून घ्यावे.

उचल घेऊन हिशेब न ठेवणे

तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी किंवा तुणतुणे वाजवायला जाणाऱ्या तरुणांची अडचण निराळी असते. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथे सुपारी द्यायला येतात आणि यात्रांचा हंगाम धावत सुटतो. कलावंताने त्याआधीच उचल, म्हणजे कामापोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल घेण्यात कमीपणा नाही. पण ती किती घेतली, दर खेळामागे किती वळती होणार आणि पाऊस पडून खेळ बुडाला तर त्या दिवसाचे काय, हे कागदावर नसले की हंगाम संपतो आणि उचल मात्र फिटलेली नसते. उचल फेडून घेण्याच्या नावाखाली कोणाला किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे किंवा दुसरीकडे काम करू न देणे, ही १९७६ च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारी ठरू शकते.

रिसॉर्टमधल्या नोकरीला ‘कार्यक्रम’ समजणे

महाबळेश्वर, कोकण किनारा किंवा गोव्यातील हॉटेले पर्यटकांच्या स्वागतासाठी दीड-दोन महिने तुतारी, हलगी किंवा घुमट वाजवणारी मुले ठेवतात. रोज ठरल्या वेळी हजर राहायचे, त्यांनी दिलेला पोशाख घालायचा आणि महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची, असे काम असेल तर त्याला मानधन म्हटल्याने ते नोकरी नाही असे होत नाही. महाराष्ट्रात, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यानुसार दिवसाला १० आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असून त्यावरील वेळेचे पैसे दुपटीने द्यावे लागतात. राहणे-जेवण दिले जात असेल, तर त्यापोटी किती कापणार ते आधी विचारावे. पोशाखात वाजवतानाचे चित्रण हॉटेल स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे, कारण स्वामित्व हक्काच्या कायद्यात वादकाला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे.

अठरा वर्षांखालील मुलाने स्वतः बोली करणे

अठरा पूर्ण न झालेल्या मुलाचा करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे त्याची बोली आई-वडिलांनी करावी. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे. घरच्यांना शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करणे आणि बालकलाकार म्हणून अटींसह काम करणे, एवढेच अपवाद आहेत. बालकलाकारांच्या नियमांत दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत, अशा अटी आहेत. घरच्या ताफ्यात लहान मुलाला बसवणाऱ्या वडिलांनीही हेच माप धरायला हरकत नाही.

पैसे अडकल्यावर गप्प बसणे

तोंडी करारही ग्राह्य असतो, परंतु तो सिद्ध करावा लागतो. म्हणून बोली झाल्याबरोबर तारीख, ठिकाण, वेळ, रक्कम आणि इसार लिहिलेला निरोप यजमानाला पाठवून त्याचे ‘ठीक आहे’ असे उत्तर घ्यावे. पैसे राहिले, तर पहिली आठवण आठवड्याच्या आत, सौम्य शब्दांत आणि लेखी द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर रक्कम व मुदत लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. त्यानंतर तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन दाखलपूर्व लोकअदालतीत प्रकरण ठेवण्याची विनंती करता येते. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया आणि अल्प उत्पन्न असलेले यांना तिथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते. हॉटेलच्या नोकरीतले वेतन थकले असेल, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार करावी. केलेल्या कामाचे पैसे मागण्याचा दावा साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांत दाखल करावा लागतो. तोवर बोलीचा निरोप फोनमधून पुसला जाऊ नये, म्हणून त्याची एक छापील प्रत घरी ठेवावी.