गच्चीवरची मिसळ पार्टी: पदार्थ वाटून घ्या, कृतीही द्या

फेब्रुवारी लागला की आमच्या नाशिकला दिंडोरी रोडला, मखमलाबादकडे द्राक्षांच्या गाड्या उभ्या राहतात. संध्याकाळी अजून शाल लागते आणि 'गच्चीवर जमू या' असं कुणीतरी काढतंच. दहा-बारा जणांचं सगळं एकाच घरावर पडलं, तर त्या घरची बाई गप्पांत येतच नाही. म्हणून आम्ही मैत्रिणी पदार्थ वाटून घेतो आणि प्रत्येकीने आपल्या पदार्थाची कृती कागदावर लिहून आणायची, असा आमचा नियम आहे. पुढच्या वेळी तोच पदार्थ दुसरीने करायचा.

कृती लिहिण्याआधी वाटी मोजा. 'एक वाटी तेल' म्हटलं तर कुणाची वाटी आमटीची, कुणाची खिरीची. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणली की ते दूध आपल्या वाटीने पातेल्यात मोजून ओता. तीन वाट्या भरून थोडं उरलं तर वाटी साधारण दीडशे मिलीची. हा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहा. खालची मापं याच वाटीची आहेत. चमचा पोह्यांचा की चहाचा, तेही लिहा. 'अंदाजाने' हा शब्द मिठापुरताच ठेवा.

वेळही तितकीच नेमकी हवी. एकदा मी मैत्रिणीला मिसळीची कृती दिली आणि 'मटकीला मोड आले की' एवढंच लिहिलं. जानेवारीची थंडी होती. तिने रात्री मटकी भिजवली, सकाळी बांधली. संध्याकाळी पाहुणे दारात आले तरी फडक्यात मोडाचा पत्ता नव्हता. ऐन वेळी तिला बटाट्याची भाजी टाकावी लागली. चूक माझ्या कागदाची होती, त्रास तिला झाला. तेव्हापासून मी तासांसकट लिहिते.

बारा जणांच्या मिसळीला अर्धा किलो कोरडी मटकी पुरते. आठ तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, नाशिकच्या थंडीत पूर्ण दिवस धरा. गाठोडं झाकणाच्या डब्यात ठेवून डबा जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला की काम सोपं होतं. शनिवारी रात्री पार्टी असेल तर मटकी गुरुवारी रात्रीच भिजायला हवी. मोड आलेली मटकी हळद-मीठ घालून बोटचेपी शिजवा, गाळ करू नका.

आता रस्सा. चार मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस करा. 100 ग्रॅम सुकं खोबरं वेगळं भाजा. ते कांद्याच्या आधी करपतं आणि करपलं की सगळा रस्सा कडवट होतो. यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं घालून अगदी बारीक वाटा. जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर तेल तापवून वाटण परता. कडेने तेल सुटेपर्यंत थांबा, याला दहा-बारा मिनिटं लागतातच. मग तीन पोह्याचे चमचे काळा मसाला घाला. गॅस बंद करून दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड मिसळा. आच असताना घातली की ती जळते आणि तर्रीचा लाल रंग जातो. लगेच अडीच लिटर उकळतं पाणी ओता. गार पाणी घालू नका. मीठ घालून मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, तर्री आपोआप वर येते.

ती तर्री पळीने काढून वेगळ्या डब्यात न्या, नाहीतर गाडीवर हिंदकळून मिसळून जाते. मटकी, रस्सा, पाऊण किलो फरसाण, कांदा-कोथिंबीर-लिंबू सगळं वेगवेगळं जाऊ द्या आणि ताटात एकत्र करा. पाव माणशी तीन. दही आणि भाजलेले पापड जिला स्वयंपाकाला वेळ नाही तिच्याकडे द्या.

प्यायला काळ्या द्राक्षांचं सरबत. घडांपेक्षा सुटे मणी स्वस्त मिळतात आणि सरबताला तेच बरे, फक्त फुटलेले, आंबूस वासाचे काढून टाका. बारा जणांना सव्वा किलो बिनबियांचे मणी लागतात. मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून नळाखाली चोळून धुवा. एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवा. सात-आठ मिनिटांत सालं तडकतात आणि पाणी जांभळं होऊ लागतं. हा रंग सालातला, म्हणून कच्चा रस काढण्यापेक्षा अशी ऊब दिलेली मला जास्त आवडते. गार झाल्यावर मिक्सरमधून फिरवा, गाळा. चव बघूनच साखर घाला. मणी गोड असतील तर अर्धी वाटी खूप झाली. दोन लिंबं, चहाचा एक चमचा काळं मीठ, तेवढीच भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडा आल्याचा रस घाला. देताना सव्वा लिटर गार पाणी मिसळा. रस आदल्या दिवशी काढला तर फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर घट्ट बुचाच्या बाटलीत राहिला तर आंबतो, आत वायू साठतो आणि बाटली फुटूही शकते.

आणि भूक चाळवायला भत्ता. मुरमुरे, शेव, भाजके शेंगदाणे, बारीक कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू. कांदा-टोमॅटो खायच्या क्षणीच मिसळा, पाच मिनिटांत मुरमुरे नरमतात.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये संकष्टी बघा, नाहीतर अर्धी मंडळी चंद्रोदयाची वाट बघत बसतात. कांदा-लसूण न खाणारं, शेंगदाणा न चालणारं कुणी आहे का, हे आधीच विचारा. कुणी तसं असेल तर रस्सा आणि भत्ता त्यांच्यापुरता वेगळा करा आणि तो बदल कृतीतही लिहा.

पार्टी संपली, डबे आवरले की त्याच कागदाच्या मागे काय उरलं ते लिहून मगच कागद पुढच्या मैत्रिणीच्या हातात द्या. वर रश्शाला अडीच लिटर पाणी लिहिलंय ना, माझ्या पहिल्या कागदावर ते चार लिटर होतं.